पापण्यांनी वेचायचं मीठ

वैशू, तुझं ते शेवटचं केकच्या पिठाचं पाकीट मी फोडलं. रागावू नकोस. रव्याच्या डब्यामागे लपवून ठेवलं होतंस, म्हणजे तनूच्या वाढदिवसासाठी असणार, एवढं मलाही कळतं. पण तुझी पोर जेवत नव्हती. नुसता दूधभात, नाहीतर साखर लावून पोळी. वरण पुढे केलं की तोंड फिरवायची. म्हटलं, तुझ्या हातचं नाही तरी तुझ्या पद्धतीचं काहीतरी पोटात जाईल. म्हणून तुझ्या ओट्यापाशी जाऊन उभी राहिले. पुढे जे झालं ते तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. सांगू तरी दुसऱ्या कुणाला? सासूबाईंबद्दलच्या माझ्या तक्रारी ऐकून घेणारं या घरात तुझ्याशिवाय होतं कोण?

लोकांना वाटायचं, आपल्या दोघी जावांचं फार पटतं. पटत कुठे होतं? चिखलोलीची जमीन गेली, बदल्यात समोरासमोरचे दोन फ्लॅट आले आणि दिवसभर दोन्ही दारं सताड उघडी, म्हणून लोकांना तसं वाटायचं. आपण भांडायचोसुद्धा दारातून दारात. मधल्या जिन्यावरून वरच्या मजल्याचे लोक जायचे, तेव्हा तू मधेच थांबून त्यांना 'नमस्ते जी' म्हणायचीस आणि ते गेले की वाक्य जिथे तोडलं होतंस तिथूनच पुढे चालू.

तू उल्हासनगरची, कॅम्प एकची. चाळीत अर्धे सिंधी, अर्धे आपले. तोंडात मराठी, हिंदी आणि तिकडचं काहीबाही, सगळ्याची मिसळ. सासूबाईंचं त्यांच्या पाठीमागे नाव 'साईं' ठेवलं होतंस, सिंधीत मालक. सकाळी दारातून डोकं घालून विचारायचीस, "ताई, आज साईंचा मूड कैसा है?" मी हसू दाबत दटावायचे. आत सासूबाई कान टवकारून बसलेल्या असायच्या, आणि त्यांना सगळं ऐकू जायचं हे तुलाही ठाऊक होतं.

त्या केकच्या पाकिटाची विद्यासुद्धा तू तिथूनच आणलीस, शेजारच्या सिंधी आंटीकडून. पाकिटावर चित्र केकचं, आणि तू त्यात वितळलेलं लोणी आणि चमचाभर दूध घालून घट्ट गोळा मळायचीस. लिंबाएवढ्या गोळ्या करून तळहाताने चपट्या दाबायच्या की झाली तुझी बिस्किटं. बिस्किटं म्हटलं की तू चिडायचीस. "ताई, बिस्किट नाही, कुकीज!" म्हणून मी मुद्दाम बिस्किटच म्हणायचे.

"पाकिटावर केक लिहिलंय आणि तू हे काय करतेस?" मी पहिल्यांदा विचारलं होतं.

"मग काय झालं? केक लिहिलंय म्हणून केकच करायचा, असा काय कायदा आहे का? तुमचं नाव शांता, तुम्ही शांत आहात का?"

तुझ्या हातावर मी चापटी मारली होती.

पण एक सांगते. तू गेलीस म्हणून मी माझं मत बदलणार नाही. पाकिटातलं ते घरचं नव्हे. घरची ती नानकटाई. तूप आपलं, पिठीसाखर आपण दळलेली, पत्र्याचा डबा घेऊन अंबरनाथच्या बेकरीत जायचं, भट्टीवाल्यापुढे ताटकळत उभं राहायचं आणि आपलीच नानकटाई आपल्याला परत मिळते आहे ना, यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचं. तू म्हणायचीस, "भट्टी त्याची, हात त्याचे, मग ती तरी घरची कशी? माझं पीठ बाहेरचं असेल, पण भाजते तर मी माझ्या गॅसवर." गेल्या दिवाळीत हा वाद अर्धवट राहिला, कारण दूध उतू गेलं. पुढच्या दिवाळीत तुला गप्प करीन असा एक मुद्दा मी शोधून ठेवला होता. तो आता तसाच राहील.

तर गॅस. ओव्हन तू घेतला नाहीस. "लाईट गेली की ओव्हन म्हणजे नुसती पेटी," म्हणायचीस. तुझा तो जुना कुकर. झाकणाची रिंग काढलेली, शिट्टी काढलेली, तळाला जाड मिठाचा थर, त्यावर जाळी आणि जाळीवर ताटली. मीठ तापायचं आणि त्या तापलेल्या मिठावर बिस्किटं हळूहळू भाजायची. एका वेळी थोडीच मावायची, त्यामुळे सगळी दुपार त्यातच जायची. मीठ पिवळसर करडं झालं की ते डब्यात भरून ठेवायचीस आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच पसरायचीस.

सासूबाईंनी ते पहिल्यांदा पाहिलं तो दिवस मला लख्ख आठवतो. त्यांचं माहेर खाडीकडचं, वडलांचं मिठागर. त्यांच्या घरात मिठाला पाय लागला तरी नमस्कार करायचे. त्यांनी कुकरात डोकावून पाहिलं आणि ओट्यावर हात आपटला.

"अगो, मीठ जालतंस? मीठ? नुसता सांडला तरी मेल्यावर पापन्यांनी येचावा लागतं. तू तं जालतंस! तुजा काय व्हईल गो?"

दुसरी कुणी असती तर घाबरली असती, नाहीतर रुसली असती. तू झाकण लावलंस, हात पदराला पुसलेस आणि म्हणालीस, "आई, मी वर जाताना मस्कारा लावून जाईन. पापण्या लांब होतात त्याने. भराभर वेचीन."

सासूबाईंना मस्कारा म्हणजे काय ते कळलं नाही. मी सांगितलं तेव्हा पदरात तोंड घालून हसल्या होत्या बाई. पुढे प्रत्येक वेळी कुकर चढला की त्या तेच म्हणायच्या, 'येचशील गो, येचशील,' आणि तू पापण्या फडफडवून दाखवायचीस. तनू तेव्हा रांगत असेल. हा या घरातला नेहमीचा विनोद होता, आणि त्यातून पुढे काय उभं राहील हे आपल्यापैकी कुणालाही कळणं शक्य नव्हतं.

तुझं जाणं मी इथे सांगत बसणार नाही. डोकं ठणकतंय म्हणून आडवी झालीस, आणि संध्याकाळी आम्ही तुला दवाखान्यातून चादरीत घेऊन परत आलो, एवढं पुरे. त्या दिवशीही कुकर चढलेला होता. गॅस मी बंद केला, पण फार उशिरा. आत नुसता कोळसा होता.

तुला शेवटची आंघोळ मीच घातली. तुझे मिटलेले डोळे पाहिले. काजळ नव्हतं, काही नव्हतं. किती आखूड होत्या गं पापण्या तुझ्या. इतकी वर्षं मी कधी नीट पाहिल्याच नव्हत्या.

आपल्याकडच्या म्हाताऱ्या बायका मयतावर नुसत्या रडत नाहीत, बोलून रडतात, हे तू पाहिलेलं आहेस. गेलेल्याला हाका मारायच्या, त्याची आवडनिवड, खोड्या, भांडणं, सगळं सुरात सांगायचं. शब्द शोधावे लागत नाहीत, एकामागून दुसरा आपला येतो. तुझ्या माहेरचे लोक यायला वेळ लागत होता. सासूबाई तुझ्या डोक्याशी बसून छाती पिटत होत्या. "वैशू गो माजी बाय, पोरीला सोरून चाललीस गो. कुकरान मीठ जालत व्हतीस, मी सांगत व्हते गो, आता कशी येचशील, आता कशी येचशील पापन्यांनी..." त्या ऐकणाऱ्या बायकांत कुणाच्या डोळ्याला खळ नव्हता. मीही ऐकलं आणि मीही रडले. त्या बोलण्यात काही वेगळं आहे असं मला वाटलंच नाही.

तनू तिथेच होती. भिंतीला टेकून, गुडघे पोटाशी घेऊन.

सुतकात सगळ्यांचंच जेवण अळणी होतं, त्यामुळे तनूचं कुणाच्या लक्षात आलं नाही. तेराव्यानंतर आम्ही मीठ खायला लागलो, ती लागली नाही. भाऊजी म्हणाले, "राहू दे वहिनी, तिचं तिला कळेल." भाऊजींना हल्ली कशाचंच काही कळत नाही, त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. उन्हाने नुसती तलखी होत होती. तशात पोर परीक्षेला गेली आणि शाळेच्या पायऱ्यांवर चक्कर येऊन पडली. डॉक्टर म्हणाले, या उन्हात अंगातलं मीठ कमी होणं बरं नाही, मीठ-साखरेचं पाणी देत राहा, पुन्हा पडली तर दाखल करावं लागेल. मी पाणी करून दिलं. तिने एक घोट घेतला आणि मोरीत थुंकला. मारलं नाही मी तिला, पण हात उचलला होता, खोटं कशाला सांगू.

वैशू, ती तुझी मुलगी आहे हे मी विसरलेली नाही. आणि ती माझीही कोण आहे हे तू मला कधी विसरू दिलं नाहीस. तुझं डोहाळजेवण आठवतं? पाटावर हिरवी साडी नेसून बसली होतीस. बायका आपसात कुजबुजत होत्या की जिची कूस उजवली नाही तिने आज ओटी भरू नये. मी आत जाऊन नारळ सोलत बसले होते, म्हणजे कुणालाच अवघडायला नको. तू मोठ्याने ओरडलीस, "ताईंना बोलवा. पहिली ओटी त्याच भरणार. नाहीतर मी उठले." आणि खरंच उठलीस, सातव्या महिन्यातलं पोट धरून. मला हाताला धरून बाहेर आणलंस. त्याबद्दल मी तुला कधीच काही बोलले नाही. तूही पुन्हा तो विषय काढला नाहीस. त्यानंतर तनूच्या दुधाच्या बाटल्या तुझ्या घरात कमी आणि माझ्या घरात जास्त असायच्या. माझ्या ओंजळीत तू काय घातलंस ते मला पुरतं माहीत होतं गं. तुझ्यासमोर ते बोलता आलं नाही. आता बोलते आहे आणि ऐकायला तू नाहीस.

म्हणून ते पाकीट फोडलं. लोणी वितळवलं, पीठ मळलं. माझ्या हाताला ते चिकटत होतं, तुझ्या हाताला कधी चिकटलेलं पाहिलं नव्हतं. गोळ्या वळून चपट्या केल्या. तुझा कुकर त्या दिवसापासून तसाच पडून होता, म्हणून माझा आणला, त्याची रिंग काढली, आणि मिठाची नवी पिशवी कापून तळाला ओतणार, तेवढ्यात मागून आवाज आला.

"काकू, मीठ नको ओतूस."

दारात तनू उभी होती. हात मागे, आवाज अगदी बारीक.

"अगं, मग भाजणार कसं? तुझी आई असंच करायची ना?"

"हो. म्हणून तर नको. तिला अजून वेचावं लागेल."

मला काही क्षण अर्थच लागला नाही. लागला तेव्हा हातातली पिशवी खाली ठेवली.

"कुणी सांगितलं तुला?"

"आजी म्हणाली ना. आईला खाली निजवलं होतं तेव्हा."

"बरं, पण आता तर मी जाळतेय. मग मी वेचीन ना माझं मी."

तिने मान हलवली. तिने सगळा विचार करून ठेवला होता. "तू मेली नाहीस ना काकू. तिथे आईच आहे फक्त. आपल्या घरचं सगळं तिच्याच वाट्याला येत असेल. जेवताना पण सांडतंच थोडं. मी खातच नाही म्हणजे माझं तरी सांडणार नाही."

वैशू, मी खाली बसले. ओट्याला पाठ लावून तशीच फरशीवर. तिला जवळ ओढलं आणि सांगितलं की हे सगळं खोटं आहे, म्हाताऱ्या बायका पोरांनी सांडलवंड करू नये म्हणून असं सांगतात, मला पण लहानपणी सांगायचे. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पण आजी रडत होती ना. रडताना कोण खोटं बोलतं?"

तिला तिथेच ठेवून मी समोर माझ्या घरात गेले. सासूबाई जपमाळ घेऊन बसल्या होत्या. तुझ्यावेळी जे भांडण मी दारातून दारात करायचे ते मी त्यांच्या डोक्यावर उभं राहून केलं. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. तोंडाला हाड नाही तुमच्या, असंही म्हणाले. त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

"मी? मी असा बोल्ले?"

"अख्ख्या बिल्डिंगीने ऐकलं!"

"मना नाय आठवत गो. देवाशपथ नाय आठवत. रडताना काय तोंडान येला ते..." त्यांनी माळ खाली ठेवली. त्यांचा चेहरा असा झाला की माझा सगळा राग जागच्या जागी बसला. तुला त्या चिडवायच्या, तू पापण्या फडफडवायचीस. तुझ्या डोक्याशी बसल्यावर त्यांच्या तोंडी तेच आलं असणार, जे त्या तुला रोज म्हणायच्या.

मग त्या उठल्या, गुडघे धरत तुझ्या घरात आल्या आणि विचारलं, "वैशूचा तो जाललेला मीठ कुठं हाय?"

डबा मी काढून दिला. तुझ्या कुकरात त्या दिवसापासून तसंच राहिलेलं मीठसुद्धा त्यांनी खरवडून घेतलं, कोळशाच्या चुऱ्यासकट. सगळं मोठ्या पातेल्यात पाण्यात टाकलं आणि हाताने ढवळत बसल्या. तनू लांबून बघत होती. पाणी चहासारखं झालं. त्यांनी आपल्या जुन्या लुगड्याचा धडपा चौपदरी करून त्यातून ते गाळलं, पुन्हा गाळलं. काळा गाळ फडक्यात राहिला. मग घरातली सगळी पसरट ताटं गोळा करायला सांगितली आणि एकेका ताटात पाणी ओतून गच्चीवर उन्हात नेऊन मांडली. एवढे जिने त्या एरवी दिवाळीतसुद्धा चढत नाहीत.

"काय करते आजी?" तनूने मला विचारलं.

"मला काय माहीत? आजीलाच विचार."

ती विचारायला गेली नाही, पण त्यांच्या मागोमाग गच्चीवर गेली. पुढचे दिवस तेच चाललं. सकाळी ताटं उघडी करायची, संध्याकाळी झाकायची, कावळे आणि धूळ यांच्यावर नजर. सासूबाई पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसायच्या आणि तनू त्यांच्यापासून थोडी दूर. मी चहा घेऊन गेले तेव्हा एकदा त्या तिला सांगत होत्या, "हात नको लावूस. हलवला का दाना बारीक व्हतं. माजा बापूस आमाला वाफ्याजवल फिरकू देत नसं." तनूने 'वाफा म्हणजे?' असं विचारलं. सासूबाईंनी बोटाने गच्चीच्या सिमेंटवर चौकोन काढून दाखवला.

पाणी आटलं. ताटांच्या कडेने आधी, मग तळाला, मीठ धरलं. पांढरं, जरा जाडसर. सासूबाईंनी ते बोटांनी सोडवून सुपात गोळा केलं आणि तनूपुढे धरलं.

"ये बग. मीठ जलत नाय गो पोरी. पानी जातं, मल जातं, मीठ र्‍हातं. मी मिठागरवाल्याची पोर, मना ठाव नाय? तुज्या आयशीनी एक दाना जालला नाय, एक सांडला नाय. सगला हाय ह्यान. मी तिला उगा चिरवाची. तिला काय पन येचावा लागनार नाय, समाजला?"

तनूने सुपातलं मीठ हाताने इकडेतिकडे केलं. काळं कुठे दिसतंय का ते पाहिलं असणार. मग चिमूटभर जिभेवर ठेवलं आणि तोंड वाकडं केलं. थुंकली मात्र नाही.

त्या दुपारी आम्ही तिघी माझ्या घरी जेवायला बसलो. वरणात मी मीठ घातलं नव्हतं. सासूबाईंनी त्या सुपातलं घेऊन तनूच्या भातावर स्वतः भुरभुरलं. ती जेवली, वैशू. वरणभात जेवली, पुन्हा भात मागितला, लोणच्याची फोड मागितली. सासूबाईंचा घास हातातच राहिला होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी ताक आणायच्या निमित्ताने आत जाऊन तोंडावर पाणी मारून आले. तू गेल्यापासून पहिल्यांदा मला भूक लागली होती. वाटलं, सुटली पोर.

मी परत येऊन बसले तेव्हा तनू बोटं चाटत होती.

"आजी, म्हणजे आईला आता तिथे काहीच काम नाही?"

"नाय गो बाय. मोकली जाली ती."

तनूने शेवटचं बोट चाटलं. "मग ती दिवसभर करते काय?"

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मी त्यांच्याकडे. वैशू, इतके दिवस त्या पोरीला तुझा ठावठिकाणा माहीत होता गं. वाईट का होईना, डोळे मिटले की तू तिला कुठेतरी मीठ वेचत वाकून बसलेली दिसत होतीस. ते आम्ही तिच्याकडून काढून घेतलं, आणि त्या जागी ठेवायला आम्हा दोघींकडे काही नव्हतं. तिने थोडा वेळ आमची वाट पाहिली. मग ताट उचललं आणि मोरीत धुवायला घेऊन गेली.